बाँडची वसुली न्यायालयात होते की घरात?

मा. संपादक यांस,

स. न. वि. वि.

मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने विजया बँकेच्या खटल्यात नोकरीच्या बाँडविषयी निकाल दिला. तेव्हापासून आपल्या गोवा राज्यातील औद्योगिक वसाहतींत, खासगी इस्पितळांत आणि हॉटेलांत एक समज पक्का होत चालला आहे: कर्मचाऱ्याकडून बाँड लिहून घेतला की तो ठरल्या मुदतीपर्यंत बांधला गेला आणि मुदतीआधी गेला तर कागदावरची रक्कम शेवटच्या रुपयापर्यंत त्याच्याकडून वसूल होणारच. मुलांमध्ये याच्या नेमका उलटा समज आहे. असले बाँड म्हणजे रद्दी, कोर्टात ते टिकत नाहीत, खुशाल सही करावी आणि हवे तेव्हा निघून जावे, असे त्यांना मित्र सांगतात. कार्मिक विभागातच माझी सगळी नोकरी गेली, त्यामुळे असे कागद तयार होताना पाहिले आणि त्यावरून भांडणे झालेलीही पाहिली. कायदा या दोन्ही समजांपैकी कोणत्याच बाजूला नाही, आणि तो नेमका कुठे उभा आहे हे नव्याने नोकरीला लागणाऱ्या मुलांना व त्यांच्या पालकांना कोणी सांगत नाही. म्हणून हे पत्र.

अलीकडेच एका परिचिताच्या मुलाने असा एक करार वाचून दाखवण्यासाठी माझ्याकडे आणला होता. मुलगा आयटीआय झालेला, कारखान्यातली पहिलीच नोकरी, हातात येणारा पगार महिना पंधरा हजार. करार सहा पानी, पूर्ण इंग्रजीत. त्यातल्या अटींनुसार तीन वर्षे नोकरी सोडायची नाही. सोडल्यास ‘प्रशिक्षणाचा खर्च आणि नुकसानभरपाई’ म्हणून दोन लाख रुपये भरायचे. शिवाय तीन महिन्यांची नोटीस द्यायची किंवा तेवढा पगार भरायचा. दहावी, बारावी आणि आयटीआयची मूळ प्रमाणपत्रे कंपनीकडे ठेवायची. सही केलेले दोन कोरे धनादेश द्यायचे. आणि शेवटच्या पानावर जामीनदार म्हणून वडिलांनी सही करायची. ज्या प्रशिक्षणासाठी एवढे सगळे, ते काय होते म्हणून मी विचारले. तीन दिवस सुरक्षिततेचे वर्ग, आणि त्यानंतर जुन्या ऑपरेटरच्या बाजूला उभे राहून मशीन शिकणे. हे दुसरे ‘प्रशिक्षण’ चालू असतानाच मुलाचे काम पाळीच्या उत्पादनात धरले जात होते. दोन लाखांचा आकडा कशावरून काढला, याचा सहा पानांत कुठेही उल्लेख नव्हता. तो त्याच्या तेरा महिन्यांहून अधिक पगाराइतका होतो, एवढे मात्र कोणालाही मोजता येते.

गोव्यात पोर्तुगीज नागरी संहिता आजही विवाह आणि वारसा यांसारख्या विषयांत लागू असल्यामुळे कराराच्या बाबतीतही इथला कायदा काही वेगळा असावा, असे पुष्कळांना वाटते. तसे नाही. नोकरीच्या कराराला इथेही १८७२ चा भारतीय करार कायदाच लागू होतो. या कायद्याच्या कलम २७ नुसार कोणालाही कायदेशीर व्यवसाय किंवा धंदा करण्यापासून रोखणारा करार त्या मर्यादेपर्यंत रद्दबातल ठरतो. त्याच्या जोडीला १९६३ च्या विशिष्ट अनुतोष कायद्याचे कलम १४ आहे. ज्या कराराची पूर्तता माणसाच्या व्यक्तिगत गुणांवर अवलंबून असते, तो करार न्यायालय जबरदस्तीने पाळायला लावत नाही. म्हणजे कोणत्याही बाँडच्या जोरावर कोणतेही न्यायालय तुम्हाला पुन्हा त्याच मशीनपाशी उभे करणार नाही. शिवाय बाँड मोडणे हा गुन्हा नव्हे. तो दिवाणी स्वरूपाचा करारभंग आहे. ‘पोलिसांत देऊ’ ही धमकी बाँडच्या संदर्भात सर्रास दिली जाते, पण नुसत्या करारभंगावरून पोलिसांना अटक करता येत नाही.

मग बाँडला काहीच अर्थ नाही का? आहे. १९६७ च्या गोलिकरी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने एक महत्त्वाचा फरक स्पष्ट केला. नोकरीच्या मुदतीत प्रतिस्पर्ध्याकडे काम न करण्याची अट आणि नोकरी संपल्यानंतरही तसे न करण्याची अट, या दोन अटींकडे कायदा वेगवेगळ्या नजरेने पाहतो. त्या प्रकरणात कर्मचाऱ्याला परदेशी सहकार्याने आलेल्या तंत्राचे प्रशिक्षण मिळाले होते, करार पाच वर्षांचा होता आणि तो मध्येच सोडून दुसऱ्या कंपनीत गेला होता. उरलेल्या मुदतीत त्याने तेच काम दुसरीकडे करू नये, ही मनाई न्यायालयाने कायम ठेवली. याउलट, नोकरी रीतसर संपल्यानंतरही दोन-दोन वर्षे ‘गोव्यात याच धंद्यात कुठेही काम करणार नाही’ असे जे लिहून घेतले जाते, ते कलम २७ पुढे सहसा टिकत नाही. कंपनीची गोपनीय माहिती किंवा सूत्रे बाहेर न नेण्याची जबाबदारी अर्थातच वेगळी आहे आणि ती नोकरी सुटल्यावरही राहते.

खरा प्रश्न पैशांचा आहे, आणि तो करार कायद्याच्या कलम ७४ ने सुटतो. करार मोडल्यास अमुक रक्कम द्यावी असे करारात लिहिलेले असले, तरी ती रक्कम आपोआप देय होत नाही; न्यायालय त्या रकमेच्या मर्यादेत ‘वाजवी’ भरपाई ठरवते. म्हणजे करारातला आकडा ही वरची मर्यादा असते, त्याखाली किती द्यायचे ते पुराव्यावर ठरते. हे व्यवहारात कसे होते, हे दिल्ली उच्च न्यायालयाच्या २०११ मधील सिक्पा इंडियाच्या प्रकरणात चांगले दिसते. तिथेही बाँड तीन वर्षांचा होता आणि रक्कम दोन लाखांची. कर्मचारी दोन वर्षांनी सोडून गेला आणि कंपनीने बाँडच्या आधारावर दावा लावला. कंपनीने प्रत्यक्षात प्रशिक्षणावर केलेला आणि सिद्ध झालेला खर्च ६७,५९५ रुपये निघाला. तीन वर्षांपैकी दोन वर्षे सेवा झालेली असल्यामुळे उरलेल्या एक-तृतीयांशाइतकी, म्हणजे २२,५३२ रुपयांची रक्कम मंजूर झाली आणि उच्च न्यायालयाने तेच योग्य मानले. दोन लाखांचे बावीस हजार झाले. दिल्लीचा निकाल मुंबई उच्च न्यायालयाच्या पर्वरी येथील खंडपीठावर किंवा मडगावच्या दिवाणी न्यायाधीशावर बंधनकारक नाही, हे खरे. पण कलम ७४ सगळीकडे तेच आहे, आणि ज्या कंपनीला प्रशिक्षणाची बिले, प्रवासखर्च किंवा प्रशिक्षकाचे मानधन दाखवता येत नाही, तिला कागदावरच्या आकड्यावर बोट ठेवून फार पुढे जाता येत नाही. कुठे नुकसान नेमके मोजणे अशक्य असेल आणि ठरलेला आकडा नुकसानाचा प्रामाणिक अंदाज असेल, तर न्यायालय तो मानूही शकते. पण तसे असल्याचे आधी पटवून द्यावे लागते.

आता ज्या निकालाचा सगळे दाखला देतात, तो विजया बँकेचा निकाल. तिथे मुदत तीन वर्षांची होती आणि रक्कम दोन लाख रुपये. अधिकारी मुदतीआधी राजीनामा देऊन दुसऱ्या बँकेत गेला, हरकत नोंदवून रक्कम भरली आणि मग त्याने त्या अटीलाच आव्हान दिले. कर्नाटक उच्च न्यायालयाने त्याच्या बाजूने दिलेला निकाल सर्वोच्च न्यायालयाने रद्द केला आणि अट वैध ठरवली. इथपर्यंतचे सगळ्यांना माहीत असते, कारण व्हॉट्सॲपवर एवढेच फिरते. निकालाची कारणे मात्र फारशी कोणी वाचलेली दिसत नाहीत. सार्वजनिक क्षेत्रातील बँकेला हवा तो माणूस थेट नेमता येत नाही. तिला जाहिरात द्यावी लागते, खुल्या स्पर्धेतून निवड करावी लागते, आणि अधिकारी मध्येच गेला तर ही खर्चिक प्रक्रिया पुन्हा करावी लागते, हा त्यातला मुख्य आधार आहे. दुसरा आधार असा की त्या पदाचा पगार लक्षात घेता दोन लाख ही रक्कम राजीनामा देणेच अशक्य व्हावे एवढी मोठी नव्हती. त्याच निकालात न्यायालयाने असेही म्हटले आहे की छापील साच्यातल्या नोकरीच्या करारात दोन्ही पक्षांचे बळ सारखे नसते हे गृहीत धरून पाहावे लागते, आणि अशी अट धंद्याला रोखणारी किंवा सार्वजनिक धोरणाविरुद्ध नाही हे सिद्ध करण्याचा भार मालकावर असतो, कामगारावर नाही. हे वाक्य ज्यांनी वाचले असेल, ते हा निकाल कामगाराच्या अंगावर फेकणार नाहीत. वेर्ण्याच्या किंवा कुंडईच्या कारखान्यात गेटवरच्या मुलाखतीतून घेतलेल्या पंधरा हजारांच्या ऑपरेटरला आणि जाहिरात, परीक्षा व मुलाखत अशा चाळणीतून निवडलेल्या बँक अधिकाऱ्याला एकाच मापाने मोजायचे, तर त्या निकालाची दोन्ही कारणे आधी पुसून टाकावी लागतील. बाकी आकडा दोन्हीकडे दोन लाखच आहे, हा योगायोग नसावा अशी मला शंका आहे.

इथे माझा मुख्य मुद्दा येतो. हे सगळे निकाल न्यायालयापर्यंत गेलेल्या प्रकरणांतले आहेत, आणि आपल्याकडचे बहुतेक बाँड न्यायालयाचे तोंडही पाहत नाहीत. त्यांची वसुली घरात होते. दावा लावायचा तर मुद्रांक, वकील, तारखा आणि वर सांगितलेला खर्चाचा पुरावा हे सगळे कंपनीला करावे लागते. मूळ प्रमाणपत्रे कपाटात ठेवून देणे मात्र फुकट पडते. मुलाला दुसरीकडे रुजू होताना मूळ गुणपत्रिका दाखवायची असते, ती मिळत नाही. शेवटच्या महिन्याचा पगार अडवला जातो. कार्यमुक्तीचे पत्र दिले जात नाही, आणि नवी कंपनी ते मागते. घरी वडिलांना फोन जातो की तुम्ही जामीनदार आहात, तुमच्यावरही नोटीस निघेल. वडील कुठे पतसंस्थेचे कर्ज काढतात, कुठे आईचा दागिना सोनाराकडे जातो, आणि तीन-चार दिवसांत रक्कम भरली जाते. न्यायालयाने जी बावीस हजार ठरवली असती, ती इथे पूर्ण दोन लाख होते.

या साधनांपैकी बहुतेकांना कायद्याचा आधार नाही. कर्मचाऱ्याची मूळ प्रमाणपत्रे तारण म्हणून अडकवून ठेवण्याचा अधिकार मालकाला कुठल्याही कायद्याने दिलेला नाही. तपासून परत द्यावीत, प्रती ठेवाव्यात, एवढेच. पगाराबाबत तर २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या वेतन संहितेने स्पष्ट केले आहे की राजीनामा दिलेल्या कर्मचाऱ्याचे देय वेतन दोन कामकाजाच्या दिवसांत द्यावे लागते, आणि वेतनातून कपात कोणकोणत्या कारणांसाठी करता येते तेही संहितेतच सांगितले आहे. भविष्यनिर्वाह निधीच्या खात्यात नोकरी सोडल्याची तारीख मालक भरत नसेल, तर दोन महिन्यांनी ती कर्मचाऱ्याला ऑनलाइन स्वतः भरता येते. हे माहीत नसल्यामुळे पुष्कळ मुले विनाकारण कंपनीच्या दारात ताटकळत राहतात.

कोऱ्या धनादेशाचे मात्र तसे नाही, आणि त्याविषयी थोडे सविस्तर लिहिले पाहिजे. बाँड हा दिवाणी मामला असला, तरी सही केलेला धनादेश वटला नाही की परक्राम्य संलेख कायद्याचे कलम १३८ लागू होते, आणि तो फौजदारी खटला असतो. धनादेशावरची सही आपली असेल तर तो कायदेशीर देण्यापोटीच दिला असे न्यायालय सुरुवातीला गृहीत धरते. कोरा धनादेश सही करून दिला असेल आणि रक्कम दुसऱ्याने भरली असेल तरीही हे गृहीतक लागू होते, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये म्हटले आहे. ते खोडून काढता येते. एवढे देणे मुळात नव्हतेच असे दाखवता येते. पण ते दाखवण्याची जबाबदारी मुलावर येते, आणि त्यासाठी तारखांना फेऱ्या माराव्या लागतात. ज्या कंपनीला आपला बाँड न्यायालयात कमकुवत आहे हे ठाऊक असते, ती धनादेश मागते, कारण बाँडने जे साधत नाही ते धनादेशाने साधते. म्हणून माझा सल्ला सरळ आहे: बाँडवर सही करावी लागलीच तर करावी, पण कोरा धनादेश कोणालाही देऊ नये. दिलेला असेल आणि त्यावरून नोटीस आली, तर पंधरा दिवसांच्या आत लेखी उत्तर द्यावे. गप्प बसू नये.

वयाचा मुद्दाही आहेच. बारावी किंवा आयटीआय करून येणारी काही मुले सही करताना अठरा पूर्ण झालेली नसतात. अज्ञानाने, म्हणजे अठरा वर्षांखालील व्यक्तीने, केलेला करार मुळातच निरर्थक ठरतो, मग तो कितीही मुद्रांकावर असो. नोटरीचा शिक्का बसला म्हणून त्यात प्राण येत नाही.

मालकांची बाजू खोटी आहे असे मी म्हणत नाही. गोव्यात माणूस टिकवणे ही खरीच अडचण आहे. हॉटेलात दोन वर्षे शिकवून तयार केलेला मुलगा ऐन डिसेंबरमध्ये बोटीवरच्या नोकरीला जातो आणि भर हंगामात स्वयंपाकघराची किंवा हाऊसकीपिंगची पाळी कोलमडते. एका वसाहतीतला तयार मशिनिस्ट दोन हजार जास्त देऊन शेजारचा कारखाना नेतो. एखादे जहाजबांधणीचे यार्ड वेल्डरला प्रमाणपत्राच्या चाचणीसाठी तयार करते, त्यासाठी तास, साहित्य आणि परीक्षेचे शुल्क खर्च करते, आणि प्रमाणपत्र हातात पडताच तो निघून जातो. अशा वेळी भरपाई मागणे न्याय्यच आहे. पण न्याय्य भरपाईला न्याय्य कागद लागतो. प्रशिक्षणावर प्रत्यक्ष किती खर्च होणार, त्याचा हिशेब करारात द्यावा. मुदत त्या खर्चाच्या प्रमाणात ठेवावी. आणि महिन्यामागून महिना सेवा होत जाईल तशी देय रक्कम कमी होत जावी. असा बाँड न्यायालयात भक्कम उभा राहील, आणि बहुधा न्यायालयापर्यंत जाण्याची वेळही येणार नाही. नोटीसपगार आणि बाँडची रक्कम एकाच राजीनाम्यापोटी दोनदा वसूल करण्याची पद्धतही त्यातून सुटेल.

प्रशिक्षणानंतर सेवेची अट घालण्याचा एक रीतसर मार्ग कायद्याने आधीच दिलेला आहे, हे आपल्याकडे विसरले जाते. १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्याच्या कलम २२ नुसार शिकाऊ उमेदवाराच्या करारात अशी अट असेल, तर ती दोघांनाही बांधते: उमेदवाराने सेवा करायची आणि मालकाने त्याला योग्य नोकरी द्यायची. मुदत किंवा वेतन अवाजवी वाटल्यास शिकाऊ उमेदवारी सल्लागाराला त्यात बदल करता येतो. खासगी बाँडमध्ये मुलाने तीन वर्षे राहायचे असते, पण कंपनीने त्याला तीन वर्षे ठेवायचे असे कुठे लिहिलेले मला तरी दिसलेले नाही. एकतर्फी बांधिलकीला न्यायालये संशयाने पाहतात, याचे हेही एक कारण आहे.

माझी मागणी राज्य सरकारच्या कामगार खात्याकडे आहे. पणजीत पाटो येथील त्याच्या श्रमशक्ती भवनातून एक परिपत्रक निघाले तरी पुष्कळ काम होईल: मूळ प्रमाणपत्रे आणि कोरे धनादेश ठेवून घेऊ नयेत, करारातील बाँडची अट मराठी किंवा कोकणीत समजावून तिची प्रत सहीपूर्वी निदान आठवडाभर आधी द्यावी, आणि रकमेमागचा खर्चाचा हिशेब करारालाच जोडावा. सरकारच्या रोजगार मेळाव्यांत भाग घेणाऱ्या आस्थापनांना तर ही अट सहज घालता येईल, कारण मेळाव्याचा मांडव सरकारचा आहे. शिवाय तालुका विधी सेवा समित्यांकडे महिलांना, अनुसूचित जाती-जमातींना आणि औद्योगिक कामगारांना मोफत कायदेशीर मदत मिळते, ही माहिती त्याच मेळाव्यात मराठी-कोकणी फलकावर लावण्यास फारसा खर्च येत नाही. आयटीआयच्या शेवटच्या सत्रात याच विषयावर एखाद्या वकिलाचा एक तास ठेवला, तर जामीनदार म्हणून सही करण्याआधी वडिलांना काय विचारायचे ते मुलालाच सांगता येईल.

आपला,
एक निवृत्त कार्मिक अधिकारी, फोंडा